मुका खांब

क्रोशात सगळ्यात आखूड टाक्याला
मुका खांब म्हणतात.
सुई आत, दोरा बाहेर, दोन्ही फासांतून एकदम ओढ.
झालं. उंची नाही, नक्षी नाही.
बाहुली अख्खी याच टाक्याची विणायची असते,
म्हणजे आतला कापूस बाहेर डोकावत नाही.

उदगीरच्या कोर्टासमोर, लिंबाखाली माझं टेबल.
टाइपरायटर गेला, संगणक आला, खण तोच राहिला.
खणात स्टँपपॅड, टाचण्या, काळ्या लोकरीचा गुंडा.
दोन प्रतिज्ञापत्रांच्या मधल्या वेळात
मी कौसल्याबाई हणेगावकर विणते.

"काय करालीस गं माय?" चहावाला कोंडिबा.
वकील करालेय.
"बाईच दिसायलीय की."
मग?

आधी सगळे त्यांना वकीलीणबाई म्हणायचे,
आणि विचारायचे, साहेब आहेत का घरी?
साहेब मास्तर आहेत, शाळेत गेलेत.
वकील मीच. बसा.
जुन्या मिसली उर्दूत होत्या.
ती लिपी बाई कंदिलाखाली शिकल्या,
उजवीकडून डावीकडे,
मी विणते तशी.

पहिला कोट खाजामियाँनं शिवला.
"किसका नाप लूँ?" त्यानं दुकानभर नजर फिरवली.
बाईंनी दोन्ही हात पसरले.
गुंड्या मात्र सवयीनं पुरुषी बाजूला लागल्या,
बाह्या बोटांपर्यंत आल्या.
तोच कोट एकतीस वर्षं.
म्हणून माझ्याही बाहुलीच्या गुंड्या उजवीकडे.
बाह्या बेतशीर केल्या होत्या, त्या उसवल्या,
चार ओळी वाढवल्या.
खोटं कशाला विणा.

काळ्यावर काळं रात्री दिसत नाही.
नखानं चाचपून मोजावं लागतं,
सतरा, अठरा,
आणि मधेच कुणाचा तरी फोन, बाई, उद्या तारीख आहे का?
पुन्हा एकपासून.

मी सात वर्षांची होते, आईची पोटगीची केस.
आई पिंजऱ्यात उभी राहिली
आणि तिची दातखीळच बसली.
पलीकडचे वकील हसले,
बाईकडं सांगण्यासारखं काही नाही, हुजूर.
कौसल्याबाई सावकाश उठल्या.
"लिहून घ्या. कपाळावरचा व्रण लिहून घ्या.
नवऱ्याकडं नजर गेली तेव्हा
कठडा कसा आवळला, तेही घ्या.
साक्षीदार गप्प आहे, एवढंच नका लिहू.
कशी गप्प आहे, ते लिहा."

महिना चाळीस रुपये.
पुढं त्यातूनच माझ्या टायपिंगची फी गेली.
आई त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही.
स्वयंपाक करताना एकदाच म्हणाली,
बाईंच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा.

नमुन्याच्या कागदावर बाहुलीला तोंड नाही.
दोन काळे मणी, बास.
तोंड नसलं की गोड दिसतं, लोकरवाली म्हणाली.
मी लाल धागा ओवला. सरळ आलं, उसवलं.
हसरं आलं, उसवलं.
चौथ्यांदा वाकडं आलं,
डावीकडं जरा खाली ओढलेलं,
पुढ्यात खोटी पावती आल्यावर बाईंचं व्हायचं तसं.
गाठ मारली.

आज बाकावर एक पोर बसलीय,
वेणीची रिबीन चावत, आईच्या पदराला धरून.
आई गप्प. कशी गप्प, ते मला ओळखू येतं.
पोरीनं टेबलावरनं बाहुली उचलली,
कोटाच्या बाहीत करंगळी घातली.
"ही कुणावर रागवायलीय?"
माहीत नाही, म्हटलं. तूच विचार.

तेवढ्यात शिपायाचा पुकारा,
महानंदा तानाजी बिरादार हाऽऽजिर!
दोघी उठल्या. बाहुली पोरीच्या काखेत,
डोकं बाहेर, वाकडं तोंड पुढं.
मी काही बोलले नाही.
दारात शिपायानं पिशवी तपासली, मोबाइल बंद करायला लावला,
बाहुलीकडं बघितलं,
आणि बाजूला झाला.